संगणक हँग होतो तेव्हा मेमरीत काय चाललेले असते

माझ्याकडे बरीच वर्षे ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेला एक लॅपटॉप होता. त्यावर मी लिनक्स वापरत असे. ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब उघडे असताना शेजारी एखादी मोठी स्प्रेडशीट उघडली की माउसचा बाण अडखळू लागे, टाइप केलेली अक्षरे अर्ध्या मिनिटाने पडद्यावर उमटत आणि डिस्कचा दिवा विझायचे नाव घेत नसे. एकदा असे झाले असताना मी दुसऱ्या संगणकावरून त्या लॅपटॉपवर लॉगिन केले. लॉगिन व्हायलाच काही मिनिटे गेली, पण जे दिसले ते अनपेक्षित होते. प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता. त्याचा बहुतेक सगळा वेळ डिस्ककडून काहीतरी येण्याची वाट पाहण्यात चालला होता. कामाचा ढीग पडलेला असताना काम करणारा मात्र हाताची घडी घालून बसलेला होता.

या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. या इंग्रजी शब्दाचे मूळ झोडपण्यात, मळणीत आहे. मात्र इथली मळणी अशी की नुसता भुसा उडतो आणि दाणा एकही पडत नाही. मेमरी कमी पडली म्हणून संगणक थोडा मंद होणे वेगळे आणि थ्रॅशिंग वेगळे, हे आधी स्पष्ट करायला हवे. मेमरी दहा टक्के कमी पडली तर काम दहा टक्के मंदावेल अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. प्रत्यक्षात एका मर्यादेपर्यंत काहीच जाणवत नाही आणि ती मर्यादा ओलांडताच सारे कोसळते. ते असे का कोसळते, हे समजण्यासाठी आभासी मेमरीपासून सुरुवात करावी लागते.

प्रत्येक प्रोग्रॅमला वाटत असते की एक प्रशस्त, सलग मेमरी केवळ आपल्यासाठीच राखून ठेवलेली आहे. हा आभास ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर मिळून निर्माण करतात. प्रोग्रॅमच्या मेमरीचे सारख्या आकाराचे तुकडे केले जातात आणि त्यांना पाने म्हणतात. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर एक पान ४ केबीचे असते. कोणते पान रॅममध्ये कुठे ठेवले आहे याची नोंद एका तक्त्यात असते. जे पान सध्या लागत नाही ते डिस्कवर नेऊन ठेवता येते आणि प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. पुढे प्रोग्रॅमने नेमक्या त्याच पानाला हात लावला की प्रोसेसरला तक्त्यात 'पान जागेवर नाही' अशी खूण सापडते. यालाच पेज फॉल्ट म्हणतात. तो येताच प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो, ऑपरेटिंग सिस्टिम ते पान डिस्कवरून आणते, तक्ता दुरुस्त करते आणि प्रोग्रॅम थांबला होता तिथूनच पुन्हा सुरू होतो. ही कल्पना प्रथम साकारली ती मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकात. १९६२ साली सुरू झालेल्या या यंत्रात १६,३८४ शब्दांची मुख्य मेमरी होती आणि तिच्या मागे त्याच्या सहापट क्षमतेचा चुंबकीय ड्रम होता. एक पान ५१२ शब्दांचे, म्हणजे मुख्य मेमरीत एका वेळी जेमतेम ३२ पाने मावत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी दिसे.

ही सोय चालते ती एका भरवशावर. कोणताही प्रोग्रॅम आपली सगळी पाने सारख्याच प्रमाणात वापरत नाही. काही काळ तो थोड्याच पानांभोवती घुटमळतो, मग दुसऱ्या थोड्या पानांकडे वळतो. दिवाळीच्या फराळाच्या वेळी स्वयंपाकघरात हेच दिसते. चकल्या करताना ओट्यावर भाजणीचे पीठ, सोऱ्या, तेलाची कढई आणि झारा एवढे असले की पुरते. करंज्यांचे सारण आणि कातण माळ्यावर असले तरी कोणाचे काही अडत नाही. चकल्या आटोपल्या की सोऱ्या वर जातो आणि कातण खाली येते. शिडीची ही चढउतार अधूनमधूनच होत असल्याने तिचा त्रास वाटत नाही. आता त्याच ओट्यावर एकाच वेळी चकल्या, करंज्या, शंकरपाळे आणि लाडू करायला चौघीजणी उभ्या राहिल्या, तर एकीचा झारा खाली आणण्यासाठी दुसरीची परात वर न्यावी लागेल आणि परातवालीला तो झारा परत वर पाठवल्याशिवाय आपली परात मिळणार नाही. सगळा वेळ शिडीवर जाईल आणि कढईतले तेल नुसते तापत राहील.

स्वयंपाकघरातल्या शिडीपेक्षा संगणकाची शिडी कितीतरी उंच आहे. रॅममधून एक मूल्य वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून एक पान आणायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे एक लाख पट वेळ. रॅमचे वाचन एका सेकंदात होते असे धरले, तर डिस्कची फेरी सत्तावीस-अठ्ठावीस तासांची होईल. चांगली एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, हेच काम साधारण हजार पट वेळात करते, म्हणजे त्याच हिशोबाने सतरा मिनिटांत. ही मोठी सुधारणा आहे यात शंका नाही, तरीही एका सेकंदाच्या कामासाठी सतरा मिनिटे थांबायचेच आहे.

आता थोडे गणित करू. प्रोसेसरच्या कॅशचा, म्हणजे त्याच्याजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचा, विचार सध्या बाजूला ठेवू. लाखात एका वाचनाला पेज फॉल्ट आला, तर त्या एका फॉल्टचे १० मिलिसेकंद लाखभर वाचनांवर विभागले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला १०० नॅनोसेकंद येतात. म्हणजे लाखात फक्त एकदा चुकल्यानेही प्रोग्रॅमचा वेग निम्म्यावर येतो. हजारात एकदा चुकले तर तो साधारण शंभर पट मंदावतो. नव्याण्णव पूर्णांक नऊ दशांश टक्के वेळा पान जागेवर सापडते आणि तरीही प्रोग्रॅम शंभर पट मंद असतो! कड्यावरून कोसळल्यासारखा अनुभव येतो तो यामुळेच. लागणाऱ्या पानांपैकी मूठभर पाने मावेनाशी झाली, तरी फॉल्टचे प्रमाण लाखात एकावरून हजारात एकावर जायला वेळ लागत नाही.

१९६० च्या दशकात, एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांचे प्रोग्रॅम एकत्र चालवायला सुरुवात झाली तेव्हा, यात आणखी एक भर पडली. काम वाटून देणारा भाग, म्हणजे शेड्यूलर, प्रोसेसर रिकामा आहे का एवढेच पाहत असे. सगळे प्रोग्रॅम आपापल्या पानांची वाट पाहत थांबले की प्रोसेसर रिकामा दिसे. मग शेड्यूलरचा समज होई की कामच कमी आहे, आणि तो रांगेतला आणखी एक प्रोग्रॅम आत घेई. नव्याला जागा देण्यासाठी जुन्यांची आणखी पाने डिस्कवर जात, फॉल्ट वाढत आणि प्रोसेसर आणखी रिकामा दिसे. रोगाची खूण हीच औषधाची गरज समजली जाई आणि दिलेले औषध रोग वाढवी. एमआयटीत पीएच.डी.चे संशोधन करणाऱ्या पीटर डेनिंग यांनी या गोंधळाचा उलगडा केला. १९६८ साली त्यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. एकात थ्रॅशिंगची कारणे आणि उपाय होते, दुसऱ्यात 'वर्किंग सेट' ही कल्पना होती.

तोवर बहुतेकांचे लक्ष निराळ्या प्रश्नावर होते. जागा करायची तर कोणते पान बाहेर काढावे, हा तो प्रश्न. आयबीएममधील लास्लो बेलाडी यांनी १९६६ साली दाखवून दिले की जे पान पुढे सर्वांत उशिरा लागणार आहे ते काढणे सर्वोत्तम. अडचण इतकीच की त्यासाठी भविष्य माहीत असावे लागते. म्हणून भूतकाळावरून अंदाज बांधतात आणि जे पान सर्वांत जास्त काळ वापरले गेले नाही ते काढतात. तेही काटेकोरपणे करायचे तर प्रत्येक वाचनाची वेळ नोंदवावी लागेल, जे परवडणारे नाही. प्रत्यक्षात प्रोसेसर प्रत्येक पानाच्या नोंदीत 'याला हात लागला' एवढीच एक खूण करतो. ऑपरेटिंग सिस्टिम पानांवरून घड्याळाच्या काट्यासारखी फिरत राहते. खूण असलेले पान दिसले तर ती पुसून त्याला आणखी एक संधी देते, खूण नसेल तर ते पान बाहेर काढते. जे पान आधी आले ते आधी काढावे, हा सोपा नियम फसवा आहे. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाने पाने लागली आणि जागा तीनच असल्या तर त्या नियमाने ९ फॉल्ट येतात. जागा वाढवून चार केल्या तर १० येतात. विश्वास बसत नसेल तर कागदावर मांडून पाहावे, पाच मिनिटांचे काम आहे. मेमरी वाढवल्याने फॉल्टही वाढण्याच्या या विचित्र प्रकाराला बेलाडी यांचेच नाव मिळाले आहे.

परंतु पान निवडण्याची पद्धत कितीही हुशार असली तरी एका ठिकाणी ती हरते. समजा, मेमरीत १०० पाने मावतात आणि एक प्रोग्रॅम १०१ पानांवरून क्रमाने, पुन्हा पुन्हा फिरतो. सर्वांत जुने पान काढण्याच्या नियमानुसार, जे पान पुढच्याच क्षणी लागणार असते नेमके तेच नुकते बाहेर गेलेले असते. जागा फक्त एका पानाने कमी आहे, तरी प्रत्येक पानाला फॉल्ट येतो. इथे नियम बदलून काही फॉल्ट वाचवता येतील, पण असे पाच प्रोग्रॅम एकत्र आले की कोणताही नियम पुरा पडत नाही. डेनिंग यांच्या विचाराचे मर्म इथे आहे. कोणते पान बाहेर काढायचे या प्रश्नाला आपण नको तितके महत्त्व देतो. खरा प्रश्न आहे आत किती जणांना घ्यायचे. एखाद्या प्रोग्रॅमने गेल्या ठरावीक काळात ज्या पानांना हात लावला त्यांचा समूह म्हणजे त्याचा वर्किंग सेट. तो पुरता मावत असेल तरच त्या प्रोग्रॅमला चालू द्यावे. सगळ्यांच्या वर्किंग सेटची बेरीज मेमरीपेक्षा जास्त झाली, तर प्रत्येकाची थोडी थोडी पाने कापण्याऐवजी एका प्रोग्रॅमला पुरते बाजूला बसवावे आणि बाकीच्यांना काम संपवू द्यावे. चौघींना ओट्याचा पाव हिस्सा देण्यापेक्षा दोघींनी आधी आणि दोघींनी नंतर करणे, असा हा व्यवहार आहे.

हा विचार साठ वर्षांपूर्वीच्या यंत्रांवर जितका थेट लागू होता, तितका आजच्या संगणकावर होत नाही. त्या काळी रांगेतले काम तासभर थांबवले तरी चाले. आज आपल्यासमोर उघडी असलेली खिडकी ऑपरेटिंग सिस्टिमने परस्पर तासभर गोठवली तर आपण तो संगणकच परत करू. विंडोजमध्ये प्रत्येक प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमचा, वर्किंग सेट अजूनही त्याच नावाने मोजला जातो आणि मेमरीची चणचण भासली की तो छाटलाही जातो. लिनक्स प्रत्येक प्रोग्रॅमचा वेगळा हिशोब ठेवण्याऐवजी पानांच्या दोन याद्या ठेवते, एक चालत्या पानांची आणि दुसरी पडून असलेल्यांची, आणि दुसऱ्या यादीच्या टोकाकडून पाने काढते. २०१४ साली त्यात एक सुरेख सुधारणा झाली. पान बाहेर काढताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याच्या जागी एक छोटी नोंद ठेवतो. ते पान लवकरच परत मागितले गेले, तर मधल्या काळात किती पाने इकडची तिकडे झाली यावरून कर्नलला कळते की हे पान काढायलाच नको होते. थ्रॅशिंग होत आहे की नाही हे ओळखण्याची ही सर्वांत सरळ खूण म्हणता येईल.

एवढे करूनही मेमरी अपुरी पडण्याचे एक कारण असे की ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच नसलेल्या मेमरीची आश्वासने देऊन बसते. प्रोग्रॅम मेमरी भरमसाट मागतात आणि वापरतात थोडीच. शिवाय एखादी प्रोसेस आपली प्रतिकृती निर्माण करते तेव्हा कागदोपत्री तिची मेमरी दुप्पट होते, जरी प्रत्यक्षात बदललेल्या पानांचीच नक्कल करावी लागत असली तरी. म्हणून लिनक्स 'सगळेच काही एकदम मागायला येणार नाहीत' या भरवशावर वाटप करते. बँकही सगळ्या ठेवीदारांचे पैसे तिजोरीत ठेवत नाही, त्यातलाच हा प्रकार. विंडोज याबाबत कडक आहे. रॅम आणि पेजफाइल (डिस्कवर पानांसाठी राखलेली फाइल) मिळून जेवढी क्षमता असेल, तिच्यापलीकडचे आश्वासन ते देतच नाही.

सगळे एकदम मागायला आलेच, आणि कुठूनही पान मोकळे होईना, तर लिनक्समध्ये 'ओओएम किलर' (ओओएम म्हणजे 'आउट ऑफ मेमरी', मेमरी संपली) जागा होतो. तो प्रत्येक प्रोसेसला तिच्या मेमरीवापराच्या प्रमाणात गुण देतो, त्यात प्रशासकाने ठरवलेली वाढ किंवा घट मिळवतो आणि सर्वाधिक गुणांच्या प्रोसेसला मारून टाकतो. ज्या प्रोसेसला उणे १००० अशी सूट दिलेली असते तिला तो हात लावत नाही. हा उपाय निर्दय वाटतो आणि अनेकदा त्यात ज्याची खरोखर गरज होती तोच डेटाबेस बळी जातो. तरीही माझी तक्रार वेगळी आहे. डेस्कटॉपवर हा किलर फार उशिरा येतो.

तो उशिरा का येतो याचे उत्तर एका लोकप्रिय गैरसमजातही आहे. स्वॅप (बाहेर काढलेल्या पानांसाठी डिस्कवर राखलेली जागा) बंद केले की थ्रॅशिंग थांबते, असे अनेकजण मानतात. स्वॅपमध्ये जातात ती प्रोग्रॅमने स्वतः निर्माण केलेल्या माहितीची पाने. पण प्रोग्रॅमचा स्वतःचा कोडही मेमरीतच असतो, आणि त्याची मूळ प्रत डिस्कवरच्या फाइलमध्ये असल्याने कर्नल तो कधीही टाकून देऊ शकतो. स्वॅप नसेल तर टाकण्याजोगे तेवढेच उरते. मग ब्राउझरचा, विंडो मॅनेजरचा, अगदी लॉगिनच्या प्रोग्रॅमचाही कोड बाहेर फेकला जातो आणि पुढच्याच क्षणी डिस्कवरून परत वाचला जातो. कर्नलच्या दृष्टीने पाने मोकळी होत आहेत, म्हणजे प्रगती चालू आहे, मग कोणाला मारायचे कारण काय? माझा लॅपटॉप मिनिटामागून मिनिटे खिळून राहायचा, तो याच समजुतीमुळे. स्वॅप मीच मोठ्या हौसेने बंद करून ठेवले होते.

या खोळंब्यावर योग्य मोजमाप मिळाले ते २०१८ च्या अखेरीस, लिनक्स ४.२० मध्ये. फेसबुकमध्ये तयार झालेली ही सोय 'पीएसआय' (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन) या नावाने ओळखली जाते. किती मेमरी मोकळी आहे हे न सांगता ती मेमरीसाठी किती वेळ वाया गेला हे सांगते. गेल्या दहा सेकंदांत निदान एक काम किती टक्के वेळ अडकले होते, हा एक आकडा, आणि सगळीच कामे एकदम किती टक्के वेळ अडकली होती, हा दुसरा. हा दुसरा आकडा बराच काळ चढा राहिला की थ्रॅशिंगबद्दल शंका उरत नाही. 'सिस्टिमडी-ओओएमडी' हा प्रोग्रॅम याच आकड्यांवर नजर ठेवतो आणि कर्नल हतबल होण्याची वाट न पाहता आधीच प्रोसेसच्या एखाद्या गटाला बंद करतो. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकारात तो २०२१ पासून आपोआप चालू असतो. अँड्रॉइडनेही १० व्या आवृत्तीपासून पीएसआयचा आधार घेतला. फोनमध्ये मात्र प्रोसेस मारणे हा अपघात नसून रोजचा शिरस्ता आहे. पडद्यावर नसलेली ॲप सर्वांत आधी जातात आणि आपण ती पुन्हा उघडली की पूर्वीच्या स्थितीत परत येतात असे दाखवले जाते. सगळी ॲप बोटाने सरकवून स्वतः बंद करत बसण्याची सवय त्यामुळे बहुतांशी वायफळ आहे.

दरम्यान, शिडीची उंची कमी करण्याचाही एक मार्ग निघाला. पान डिस्कवर पाठवण्याऐवजी ते दाबून लहान करायचे आणि रॅममध्येच एका कोपऱ्यात ठेवायचे. मॅकमध्ये हे २०१३ पासून, विंडोजमध्ये विंडोज १० पासून होते. लिनक्समध्ये त्यासाठी झेडरॅम आणि झेडस्वॅप आहेत. दाबणे आणि पुन्हा उलगडणे यात प्रोसेसरचा थोडा वेळ जातो, पण थ्रॅशिंगमध्ये प्रोसेसर नाहीतरी रिकामाच बसलेला असतो, तेव्हा हा सौदा फायद्याचा ठरतो. अर्थात यामुळे ओटा थोडा मोठा होतो, एवढेच. आधीच दाबलेली चित्रे आणि व्हिडिओ आणखी फारसे दबत नाहीत आणि ओटा भरला की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही यात बरेच करता येते. सी भाषेत १०२४ ओळी आणि १०२४ स्तंभांचा पूर्णांकांचा तक्ता घेतला आणि एक पूर्णांक ४ बाइटचा धरला, तर प्रत्येक ओळ बरोबर एका पानात बसते. मेमरी तंग असताना हा तक्ता ओळीने वाचला तर १०२४ फॉल्ट येतील. स्तंभाने वाचला तर प्रत्येक पायरीला नवे पान लागेल आणि १०२४ जागाही मिळत नसतील तर फॉल्टची संख्या दहा लाखांवर जाईल. प्रोग्रॅममधला बदल फक्त दोन लूपची अदलाबदल करण्याएवढा आहे.

आपला संगणक थ्रॅशिंगमध्ये आहे की नाही हे पाहायचे असेल, तर स्वॅप किती वापरले गेले आहे या आकड्याकडे पाहून घाबरण्यात अर्थ नाही. सकाळी एकदा उघडून विसरलेल्या प्रोग्रॅमची पाने दिवसभर स्वॅपमध्ये पडून असतील तर ते उत्तमच आहे, कारण तेवढी रॅम कामाला येते. लिनक्समध्ये 'व्हीएमस्टॅट १' (vmstat 1) ही आज्ञा द्यावी. दर सेकंदाला एक ओळ येते. तीत एसआय (si) आणि एसओ (so) हे दोन रकाने असतात, पहिला स्वॅपमधून आत येणाऱ्या पानांचा आणि दुसरा बाहेर जाणाऱ्यांचा. फक्त एसओ थोडा वेळ वाढून शून्यावर आला तर सामान माळ्यावर ठेवले गेले, इतकेच झाले. दोन्ही रकाने एकाच वेळी, सेकंदामागून सेकंद भरलेले दिसले आणि त्याच ओळीत वाट पाहण्याचा डब्ल्यूए (wa) हा आकडाही फुगलेला असला, तर एक प्रोग्रॅम बंद करायची वेळ झालेली आहे. स्वॅपच नसेल तर हे दोन्ही रकाने शून्यच राहतात. मग डिस्कवरून होणारे वाचन दाखवणाऱ्या बीआय (bi) या रकान्याकडे पाहावे. काहीही नवे उघडलेले नसताना डिस्कवरून सतत वाचन होत असेल, तर बाहेर फेकलेला कोडच पुन्हा पुन्हा आत येत असण्याची दाट शक्यता असते.